थर्मोस्टॅट कोणी काढला?

महाराष्ट्रात मोटारीचा एसी बिघडला तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात उभी असते. हीटर बिघडला तर तो वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. हीटरचा नॉब कायम निळ्या बाजूलाच असतो. त्याची आठवण होते ती निफाडचा पारा पाच अंशांवर आल्याची बातमी वाचल्यावर, नाहीतर डिसेंबरच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन हिमाचलला जायचं ठरल्यावर. नॉब लाल बाजूला फिरवला जातो, पंखा घुमतो, आणि जाळीतून येते ती बाहेरच्यासारखीच गार हवा.

आता काय करायचं, यावर गॅरेजात दोन मतं असतात. एक म्हणतं, गाडी चालते आहे ना, मग नसत्या भानगडीत पडू नका. दुसरं म्हणतं, कारण सापडेपर्यंत सोडू नका. दोन्ही मतांमागे अनुभव आहे, म्हणून ती समोरासमोर बसवून पाहिली. माणसं कल्पित आहेत. गाडीतले दोष मात्र आपल्या रस्त्यांवर रोज सापडणारे.

जागा नाशिकमधलं एक गॅरेज. बाळूकाका इथले जुने मिस्त्री. रोहिणी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल विषय शिकवते. गाडी तिच्या बाबांची, जुनी, पेट्रोलवर चालणारी. पुढच्या आठवड्यात ती मनालीला न्यायची आहे.

काका : हीटरसाठी गाडी आणलीस? मला वाटलं, इंजिनचं काही काम निघालं.

रोहिणी : इंजिनचंच असेल काका. हीटरची स्वतःची आग कुठे असते? तो इंजिनच्या उष्णतेवर चालतो. तो गार पडला म्हणजे एक तर इंजिन पुरेसं तापत नाही, नाहीतर तापतंय पण ती उष्णता आपल्यापर्यंत पोचत नाही.

काका : माझं ऐक. हीटरला जाणारे दोन होज आहेत, ते काढून एकमेकांना जोडून देतो. चहा येईपर्यंत काम उरकेल. पुढे कॉइल गळायला नको आणि पायाखालचं मॅटिंग भिजायला नको. मनालीत चांगले स्वेटर मिळतात.

रोहिणी : म्हणजे दोष तसाच ठेवायचा आणि त्याची वाट बंद करायची?

काका : गिऱ्हाइकाला गाडी चालायला हवी असते. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या हीटरसाठी त्याचा खिसा का कापू? कॉइल बदलायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. परत बसवला की कुठून तरी खडखड सुरू होते, आणि ती मग जन्मभर ऐकायची.

रोहिणी : डॅशबोर्ड उतरवा असं मी म्हटलेलंच नाही. दोष कुठे आहे ते आधी कळू दे, एवढंच म्हणतेय. आणि आपल्याकडे हीटरचं काम नाही हे तुम्ही तरी म्हणू नका. मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापली की फोनवर लोकांना काय सांगता?

काका : एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर पुरा गरमवर टाका, पंखा जोरात सोडा.

रोहिणी : कशासाठी?

काका : हीटरची कॉइल म्हणजे छोटा रेडिएटरच. तेवढी उष्णता तिच्यातून निघून जाते. गाडी सुरक्षित जागी कडेला घेईपर्यंत काटा जरा आटोक्यात राहतो.

रोहिणी : होज जोडून दिले की हा छोटा रेडिएटर गेला. शिवाय पावसाळ्यात आंबोलीत किंवा माळशेजमध्ये काचेवर वाफ धरते. नुसता एसी काचेवर सोडला तर आतली ओल निघते, पण काच इतकी गार होते की वाफ बाहेरून धरायला लागते. एसी आणि हीटर एकत्र लावले, म्हणजे कोरडी आणि कोमट हवा मिळाली, की काच स्वच्छ होते. घाटात समोरचं दिसणं ही काही चैन नाही.

काका : बरं बाई, हीटर लागतो. मान्य. उघड बॉनेट.

वाद पुढे जाण्याआधी हीटरची वाट पाहून घेऊ. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंट उचलतं. वॉटर पंप ते कूलंट इंजिनभर फिरवतो. रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्या पोटात मेण असतं; कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही. हीटरकडे मात्र आधीपासूनच जात असतं. म्हणून निरोगी गाडीत रेडिएटर गरम व्हायच्या आधी हीटर गरम होतो. इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यातून दोन होज डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलला जातात, एकातून गरम कूलंट येतं, दुसऱ्यातून परत जातं. पंखा कॉइलवरून हवा ढकलतो. किती हवा कॉइलवरून जायची आणि किती बाजूने, हे एक झडपेसारखं दार ठरवतं. आपण नॉब फिरवतो तेव्हा हे दार हलतं. काही गाड्यांमध्ये कूलंट अडवणारा एक कॉकही असतो.

या वाटेवर जिथे अडेल तिथे हीटर गार पडतो. शोध कुठून सुरू करायचा, यावरच दोघांचा पुढचा वाद झाला.

रोहिणी : मी स्कॅनर आणलाय. लावू?

काका : आधी कान लाव. पंखा बंद कर आणि नॉब निळ्यावरून लालवर ने. आत दार आपटल्याचा बारीक आवाज आला?

रोहिणी : आला.

काका : म्हणजे केबल जागेवर आहे. पुष्कळदा केबलची क्लिप निसटलेली असते, आणि लोक कॉइल बदलून बसतात. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत केबलच्या जागी छोटी मोटर असते. तिच्या गिअरचे दाते तुटले की टकटक ऐकू येते आणि दार अर्ध्यावर राहतं. आता पंखा सगळ्या वेगांवर लावून बघ.

रोहिणी : चारही वेगांवर चालतोय. फक्त शेवटच्या वेगावर चालला असता तर रेझिस्टर जळालाय म्हणाले असते. कॅबिन फिल्टर मी कालच काढून पाहिला. धूळ होती, पण हवा अडेल इतकी नाही.

काका : मग हवेची बाजू ठीक आहे. आता पाणी बघू. इंजिन गार आहे तोवरच झाकण उघड. गरम इंजिनचं झाकण उघडू नये, हे तुला सांगायला नको.

रोहिणी : मला नको, पण वर्गात दरवर्षी सांगते. झाकण कूलंटला साधारण एक बार दाबाखाली ठेवतं, त्यामुळे ते शंभरच्या वर वीसेक अंश गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, ते एका क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. कुकर शिट्टीवर असताना कोणी झाकण काढत नाही. रेडिएटरचं मात्र काढतात.

काका : पातळी?

रोहिणी : पुरेपूर आहे. पण काका, हे कूलंट नाहीच. हिरवं नाही, गुलाबी नाही. चहासारखं तांबूस पाणी आहे.

काका : पातळी भरलेली आहे ना? मग हवा धरलेली नसावी. पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी हीटर गार पडतो, कारण बऱ्याच गाड्यांत कॉइल उंचावर असते आणि हवा तिथे जाऊन बसते. मग डॅशबोर्डच्या आत खळखळ ऐकू येते. गाडी रेस केली की हवा गरम, पाय काढला की गार. तसं होतं का?

रोहिणी : नाही. खळखळही नाही. काटा बघा, बाबा नेहमी अभिमानाने सांगतात की आमच्या गाडीचा काटा कधी वर जातच नाही. हायवेला तर अगदी खाली असतो. आता स्कॅनर लावते आणि इंजिन सुरू करते. तुम्ही रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा.

काका : हात कशाला ठेवू? सुरू केल्या केल्या तो कोमट व्हायला लागणार.

रोहिणी : बरोबर, कोमट होतोय! स्कॅनरवर कूलंट अजून चाळीसलाही पोचलं नाही आणि ते रेडिएटरकडे निघालंसुद्धा. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन तापायच्या आधीच रेडिएटर त्याला गार करतोय. पण तुम्हाला आधीच कसं कळलं?

काका : थर्मोस्टॅट अडकलेला नाही. थर्मोस्टॅट नाहीच. मीच काढलाय.

एका वाक्यात निम्मं निदान झालं, आणि खरा वादही इथेच सुरू झाला. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांतून थर्मोस्टॅट असाच निघालेला असतो. त्याची नोंद कुठल्या बिलावर सापडत नाही.

रोहिणी : काढलात? आणि मी स्कॅनर जोडत बसले तेव्हा सांगितलं नाहीत?

काका : तू विचारलं नाहीस. या गाडीचं आधी काय काय झालंय, हा पहिला प्रश्न हवा. यंत्र आजचं तापमान सांगतं. चार वर्षांपूर्वी कोणी काय काढलं ते सांगत नाही.

रोहिणी : ते खरं. पण काढलात कशासाठी?

काका : मे महिना होता. तुझे बाबा मुंबईहून येत होते, घाटात थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला. कूलंट रेडिएटरकडे जाईना, काटा लालवर. रविवार, दुकानं बंद, पार्ट मिळेना. मी झडप काढली, पाणी भरलं, ते घरी पोचले. नवीन बसवायला या म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, आता गाडी आधीपेक्षा गार चालतेय, राहू दे. आता तू सांग, मी चूक केली? उघडी अडकलेली झडप फार तर पेट्रोल खाते. बंद अडकलेली झडप हेड वाकवते आणि इंजिन खाते. दोन्हींतला कमी धोका मी पत्करला.

रोहिणी : त्या दिवशी तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. चुकलं ते पुढची चार वर्षं. गार चालणारं इंजिन चांगलं, हा समज कुठून आला कळत नाही. इंजिन ९० अंशांच्या आसपास चालायला बनवलेलं असतं. साठ-पासष्टवर चाललं तर कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून गार आहे. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ते पूर्ण जळत नाही, थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधली ओल उडून जात नाही, गाळ धरतो, झीज वाढते. बाबा ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार करतात ती काय उगीच?

काका : पण गाडी तापली तर नाही.

रोहिणी : या गाडीत नाही तापली. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून दुसरी चकती असते. झडप उघडली की ती चकती आतली आडवाट बंद करते, म्हणजे सगळं कूलंट रेडिएटरमधूनच जातं. तिथे थर्मोस्टॅट काढला तर आडवाट कायमची उघडी राहते, निम्मं कूलंट गार न होताच परत इंजिनात येतं, आणि चढाला गाडी उलट तापते. ज्याने गार व्हावी म्हणून झडप काढली, तो मग डोकं धरून बसतो.

काका : हे मी पाहिलंय. एका डिझेल जीपचं असंच झालं होतं. रेडिएटर बदलला तरी तापायची. शेवटी थर्मोस्टॅट बसवल्यावर थांबली. पण तेव्हा पार्टही कसे मिळायचे? नकली थर्मोस्टॅट वर्षभरात अडकायचा. विश्वास ठेवण्यासारखा पार्ट नसला की मिस्त्री तो पार्टच काढून टाकतो. हे अडाणीपणाने होत नाही, अनुभवाने होतं.

रोहिणी : तो अनुभव खरा आहे, पण आज अस्सल थर्मोस्टॅट हेडच्या कामाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळतो. ठरलं मग. थर्मोस्टॅट नाही, म्हणून हीटर गार. नवीन बसवू या.

काका : घाई करू नकोस. थर्मोस्टॅट चार वर्षांपूर्वी काढलाय. गेल्या डिसेंबरात हीटर कसा होता?

रोहिणी : कोमट यायचा. सिग्नलला उभं राहिलं की बऱ्यापैकी.

काका : आणि आता?

रोहिणी : आता उभ्या गाडीतही गार.

काका : मग थर्मोस्टॅटवर सगळं ढकलू नकोस. तो गेल्या वर्षीही नव्हता. यंदा आणखी काहीतरी झालंय. एक दोष सापडला म्हणजे तेवढा एकच दोष आहे, असं होत नाही.

रोहिणी : पण इंजिन तापतच नसेल तर पुढची तपासणी करायची कशी? होजमध्ये उष्णताच नाही.

काका : तो पुठ्ठा दे इकडे. रेडिएटरसमोर लावतो. रेडिएटरला वारा मिळाला नाही की कूलंट तापेल. तू स्कॅनरवर लक्ष ठेव, नव्वदच्या वर जाऊ देऊ नकोस. आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेव. तो इलेक्ट्रिक आहे, केव्हाही फिरेल.

पुठ्ठ्याची ही युक्ती वाटते जुगाड, पण प्रयोगशाळेत करतात तेच काकांनी केलं: सापडलेल्या दोषाचा परिणाम तात्पुरता बाजूला काढला आणि उरलेल्या वाटेची परीक्षा घेतली. थर्मोस्टॅट नसल्याची उणीव पुठ्ठ्याने भरून काढली. आता इंजिन तापूनही हीटर गारच राहिला, तर दुसरा दोष आहे हे नक्की.

रोहिणी : ८७ अंश. हीटर अजून गारच आहे.

काका : आता हीटरच्या दोन्ही होजना हात लावून बघ. पटकन लाव, चटका बसेल.

रोहिणी : एक चांगलाच गरम आहे, दुसरा जेमतेम कोमट. थांबा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजते. आत जाणारा ७९, बाहेर येणारा ३४. कॉइल नीट वाहत असेल तर दोन्हींत एवढा फरक पडत नाही.

काका : दोन्ही गरम असते तर म्हटलं असतं, पाण्याची बाजू चांगली आहे, आतलं दार बघा. दोन्ही गार असते तर कॉक, पाण्याची पातळी, नाहीतर वॉटर पंप. बेल्ट ढिला असेल किंवा पंपाची पाती झिजली असतील तर कूलंट फिरतच नाही. पण मग हीटर गार आणि काटा वर, असं दिसतं. इथे एक गरम आणि एक कोमट. कॉइल तुंबलीय.

रोहिणी : ज्या गाडीत चार वर्षं बोअरचं पाणी भरलं, तिची कॉइल तुंबणारच. जड पाण्यातला क्षार गरम जागी बसतो. साधं पाणी ॲल्युमिनियम आणि लोखंड खातं, गंज सुटतो. हीटर कॉइलच्या नळ्या सगळ्यात बारीक, सगळा गाळ तिथे अडकतो. आणि हा पिवळा साका कसला आहे, काका?

काका : हळद असेल.

रोहिणी : हळद?

काका : गेल्या पावसाळ्यात रेडिएटर बारीक गळत होता. तुझे बाबा सिन्नरच्या पुढे होते. कोणा ट्रकवाल्याने रेडिएटरमध्ये हळद टाकायला लावली. गळती थांबली, गाडी घरी आली. हा इलाज आपल्या रस्त्यांवर खूप जुना आहे.

रोहिणी : जी हळद रेडिएटरचं भोक बुजवते, ती कॉइलची नळी सोडेल का? बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या पावडरीही तेच करतात. रस्त्यातली निकड मला समजते. पण घरी आल्यावर रेडिएटरची गळती काढून, सगळं धुऊन, नवीन कूलंट भरायला हवं होतं. थर्मोस्टॅटचंही असंच झालं. तात्पुरत्या इलाजाला आपण कायमचा करून टाकतो.

काका : त्यात मिस्त्रीचा दोष किती आणि मालकाचा किती, हेही बघ. गाडी चालायला लागली की मालक फिरकत नाही. परत बोलावलं तर म्हणतो, बिल वाढवायला बोलावतोय.

रोहिणी : हे मान्य. आता सांगा, कॉइल बदलायची?

काका : आता तू घाई करतेयस. आधी उलट्या बाजूने धुऊ. दोन्ही होज काढायचे, ज्यातून पाणी बाहेर येतं तिथून बागेच्या नळीने हलकं पाणी सोडायचं. गाळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. कंप्रेसरची हवा मारायची नाही. जुनी कॉइल फुटते आणि मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पाणी स्वच्छ आणि मोकळं यायला लागलं तर काम झालं. नाही आलं, तर बदलायचं बोलू.

पाणी आधी थेंबथेंब आलं, तपकिरी. मग पिवळट गाळाची एक गुठळी निघाली आणि धार मोकळी झाली. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी रोहिणीने तो पाण्याच्या भांड्यात टांगून गरम करून पाहिला. त्याच्यावर कोरलेल्या ८२ या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला. भांडं गॅरेजातलंच घेतलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं. त्याचा संबंध आलेलं भांडं स्वयंपाकघरात जाऊ नये, आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू नये. बसवताना थर्मोस्टॅटची हवा सोडणारी छोटी पिन वरच्या बाजूला आहे ना, हे काकांनी बोट लावून पाहिलं.

रोहिणी : आता कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी, निम्मं निम्मं. साधं पाणी नको. मनालीहून पुढे अटल बोगदा ओलांडून सिस्सूला गेलो की आपण तीन हजार मीटरच्या वर असू. तिथे डिसेंबरात रात्री पाणी गोठतं. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं. कोअर प्लग बाहेर येतात, रेडिएटर फाटतो, नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. निम्म्या कूलंटचं मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं.

काका : मग निम्मं कशाला? सगळं कूलंटच ओत की.

रोहिणी : नको. नुसतं ग्लायकॉल मिश्रणापेक्षा लवकर गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. बाटलीवर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर पाणी अजिबात घालायचं नाही. आणि हिरवं-गुलाबी दिसेल ते एकमेकांत ओतायचं नाही. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र आली की आतलं गंजरोधक रसायन बिघडू शकतं.

काका : झाकणही नवीन घे. इतक्या उंचावर पाणी नव्वदच्या आसपासच उकळतं. झाकणाने दाब धरला नाही तर तुझा थर्मोस्टॅट उघडायचा आणि पाणी उकळायचं, दोन्ही एकदम होईल.

रोहिणी : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काका : आता हवा काढू. गाडीचं तोंड चढावर, नॉब पुरा लालवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. बुडबुडे थांबतच नाहीत, पाणी रोज कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं असेल तर हेड गॅस्केट तपासावं लागतं. तुझ्या गाडीत तसं काही दिसत नाही.

रोहिणी : थांबले बुडबुडे. कूलंट ८८. वरचा होज आत्ता कुठे गरम व्हायला लागला. हीटरचे दोन्ही होज गरम. जाळीतून येणारी हवा ५६ अंश. झालं की, काका!

काका : झालं. पण दोन आठवडे पातळी बघत जा, रोज सकाळी, इंजिन गार असताना. गाळ निघाला की कधी कधी त्याने बुजवलेली गळती उघडी पडते. आतल्या काचेवर चिकट थर बसला, गोडसर वास आला, डावीकडचं मॅटिंग ओलं झालं, तर समज, कॉइल गळतेय. तेव्हा मात्र बदलावीच लागेल. आणि हीटर सुरू झाला म्हणून बर्फात अडकलेल्या गाडीत तो लावून झोपू नका. सायलेन्सर बर्फाने बुजला तर धूर आत येतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

दोघांचं पूर्ण एकमत झालं असं नाही. बाळूकाका अजून म्हणतात, घाटात झडप अडकली तर मी पुन्हा काढीन. रोहिणी म्हणते, काढा, पण बिलावर लिहा. निकाल द्यायचाच झाला तर तो असा. रस्त्यात गाडी घरी आणण्यासाठी बाळूकाकांची रीत योग्य, घरी आल्यावर रोहिणीची. निदानात हात आणि आकडा दोन्ही लागतात. हाताशिवाय तुंबलेली कॉइल सापडली नसती. आकडा नसता तर गार चालणारं इंजिन निरोगी समजून बाबांनी आणखी काही वर्षं पेट्रोल जाळलं असतं.

हीटर थंड हवा सोडू लागला तर वाचकांनी चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात: पंखा आणि नॉबचं दार, गार इंजिनवर कूलंटची पातळी आणि रंग, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येतो का, आणि शेवटी हीटरचे दोन होज. पहिल्या तिन्हींना कुठलंही अवजार लागत नाही, चौथ्याला मिस्त्री सोबत असलेला बरा. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला एक प्रश्न अवश्य विचारा: माझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का? ‘आपल्याकडे लागत नाही’ असं उत्तर आलं, तर तो त्याच दिवशी बसवून घ्या.